स्मरणचित्रातल्या पाठमोऱ्या माणसाला खुलं पत्र

पाठमोऱ्या माणसा,

पत्राच्या सुरुवातीला नमस्कार लिहायची रीत आहे. तुझ्या बाबतीत ती मी पाळणार नाही. नमस्कार समोरच्या माणसाला करतात, आणि तू आजवर कुणाच्याही समोर आलेला नाहीस.

एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या शासकीय परीक्षांना बसलेल्या महाराष्ट्रातल्या मुलामुलींना तुझी ओळख करून द्यायला नको. स्मरणचित्राच्या पेपरात तुझं राज्य असतं. भाजीबाजार, बसथांबा, विहिरीवर पाणी भरणाऱ्या बायका, गणपती विसर्जन, पावसातला रस्ता: विषय कुठलाही येवो, तू हजर. पाठ आमच्याकडे, तोंड गर्दीकडे. डोक्यावर टोपी नाहीतर फेटा, अंगात ढगळ सदरा. हात पोटाशी कुठेतरी गेलेले, म्हणून दिसत नाहीत. पावलं गवतात बुडालेली, म्हणून काढावी लागत नाहीत. शेजारी तुझी बायको, तीही पाठमोरी. अंबाडा, पदराचा काठ, खाली सरळ रुंद होत गेलेली साडी आणि कमरेला चिकटवलेली कळशी.

परीक्षेआधी तुला पाठ करतात. मार्गदर्शक पुस्तकांत तू छापलेला असतोस, क्लासच्या फळ्यावर तुला मोजक्या रेषांत काढून दाखवतात. चेहरा जमत नाही? पाठमोरा काढ. हाताची बोटं जमत नाहीत? पिशवीआड लपव. पावलं जमत नाहीत? समोर झुडूप लाव. अकरा-बारा वर्षांच्या मुलाला जे जे काढायची भीती वाटते, ते ते लपवायची युक्ती तू त्याला देतोस. म्हणूनच तू इतका लाडका झालास, आणि याच गोष्टीसाठी मी तुला गुन्हेगार म्हणते.

शाळा सुटून बरीच वर्षं झाल्यावर, नोकरी आणि संसार दोन्ही मध्यावर आलेले असताना, मी पुण्यात रविवारी सकाळच्या एका वर्गात माणूस काढायला शिकू लागले. वर्ग छोटा. लाकडी बाकडी, बोर्ड, क्लिपा, कार्ट्रिज कागद, कोळशाच्या कांड्या. मधोमध एक चौथरा आणि त्यावर एक वयस्क काका, काठी टेकून उभे. उजव्या पायावर भार, डावा गुडघा थोडा सैल, मान किंचित पुढे. सर म्हणाले, काढा. माझी नजर काकांवर पोचायच्या आत तू माझ्या हातातून कागदावर उतरलास. दोन्ही खांदे एका पातळीत, दोन्ही पाय सरळ, डोकं मोठं. काकांच्या जागी तू उभा होतास. काठीसुद्धा तुझीच होती, कारण काकांच्या काठीवर वजन होतं आणि कागदावरची काठी नुसती शेजारी काढलेली होती.

त्यानंतर कितीतरी रविवार असेच गेले. मॉडेल बदलले, पोझ बदलली, कागदावर मात्र तूच. शिकाऊ माणसाला सगळ्यात आधी वाटतं की आपला हात वाईट आहे. आजूबाजूचेही तेच सांगतात: हात उपजतच लागतो, देवाची देणगी असते. हे खोटं आहे आणि या खोट्यानं पुष्कळ माणसांना आयुष्यभर पेन्सिलीपासून दूर ठेवलं आहे. हात वाईट नसतो. जो हात स्वयंपाकघरात काकडीचे कागदाइतके पातळ काप करतो, सुईत दोरा ओवतो, सही रोज तशीच्या तशी करतो, त्याला रेषा ओढता येत नाही हे कसं शक्य आहे? अडचण रेषेच्या आधी असते. डोळा समोरच्या माणसावरून जेमतेम फिरतो आणि हात डोक्यातला साठवलेला साचा काढून मोकळा होतो. माझ्या डोक्यातला तो साचा म्हणजे तू.

तुझ्या गुन्ह्यांपैकी पहिला, तोलाचा. तुला वजन नाही. तू उभा असतोस, पण जमिनीवर नसतोस.

माणूस एका पायावर भार देऊन उभा राहतो तेव्हा त्याच्या शरीरात केवढी घडामोड होते! भार उजव्या पायावर असेल तर उजवं कटीचं हाड वर चढतं, डावं खाली येतं. वरचं शरीर कोसळू नये म्हणून खांदे उलट्या बाजूला कलतात: उजवा खाली, डावा वर. पाठीचा कणा या दोन तिरक्या रेषांमधून वळण घेत जातो. आणि गळ्याखालचा खड्डा, दोन गळपट्टीच्या हाडांमधला तो छोटा खोलगट बिंदू, जवळजवळ थेट भार पेलणाऱ्या घोट्याच्या वर येतो. गवंड्याचा ओळंबा तिथून सोडला तर तो घोट्याशीच उतरतो. आमच्या वर्गात खरोखरच दोऱ्याला नट बांधून केलेला एक ओळंबा आहे. तो डोळ्यासमोर धरून मी काकांच्या गळ्यापासून खाली पाहिलं, तेव्हा पहिल्यांदा मला माणूस उभा राहतो म्हणजे काय करतो ते दिसलं. शरीर सारखं पडू पाहत असतं आणि सारखं स्वतःला सावरत असतं.

ही गोष्ट आपल्याकडे नवी नाही, म्हणून तुझा राग अधिक येतो. विटेवरचा विठ्ठल समपाद उभा असतो, दोन्ही पायांवर सारखा भार, खांदे आणि कंबर एका पातळीत. मुरलीधर कृष्ण त्रिभंगात उभा असतो, मान, कंबर, गुडघा तिन्ही ठिकाणी वळलेला. उभं राहण्याच्या दोन तऱ्हांमधला हा फरक मूर्ती घडवणाऱ्यांना नेमका ठाऊक होता. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातला पद्मपाणि पाहा. हातात नीलकमळ, शरीराला ते सावकाश वळण, झुकलेली मान. दीड हजार वर्षं तो भिंतीवर तोल सांभाळून उभा आहे. तुला तर एका पेपरपुरताही तोल सांभाळता येत नाही. तू दोन काठ्यांवर टेकवलेला सदरा आहेस.

दुसरा गुन्हा प्रमाणाचा. सामान्य प्रौढ माणसाची उंची त्याच्या डोक्याच्या साधारण साडेसात पट असते. नवजात बाळाची सुमारे चौपट. आपल्या जुन्या मूर्तिशास्त्रात नवताल प्रमाण आहे: हनुवटीपासून केस सुरू होतात तिथपर्यंतचा चेहरा म्हणजे एक ताल, बारा अंगुळं, आणि अख्खी मूर्ती नऊ ताल, म्हणजे १०८ अंगुळं. हाताचा पंजाही एका तालाचा, चेहऱ्याएवढा. (आत्ता हे वाचणाऱ्यानं तळहाताची मनगटाकडची कड हनुवटीला टेकवून पाहावं, मधलं बोट केसांच्या सुरुवातीपाशी पोचेल.) उभ्या शरीराचा मध्य कमरेत नसतो, तो जांघेपाशी असतो. कोपर कमरेच्या घडीपाशी येतं, मनगट जांघेच्या पातळीत. डोळे डोक्याच्या वरच्या भागात नसतात, बरोबर मध्यावर असतात. कवटीचा वरचा अर्धा भाग शिकाऊ माणसाला दिसतच नाही, कारण त्याचं सगळं लक्ष नाकडोळ्यांकडे.

तुला यातलं काही लागू नाही. तुझं डोकं आधी काढतात, मोठं काढतात, मग मान, मग धड, असा तू वरून खाली जोडला जातोस, आणि पाय येईपर्यंत कागद संपतो. मग झुडूप. तुझ्या या जोडकामाची सवय मोडायला मला फार झगडावं लागलं. आता आधी कागदावर डोक्याच्या माथ्याची आणि टाचेची खूण करायची, मग मध्य, मग कणा, मग खांद्यांची आणि कमरेची तिरकी रेषा, आणि डोकं त्यानंतर. हात ताठ लांब करून, एक डोळा मिटून, पेन्सिलीच्या टोकापासून अंगठ्याच्या नखापर्यंत मॉडेलचं डोकं मोजायचं आणि ते खाली मोजत न्यायचं. कोपर जरा वाकलं की माप बदलतं. कंटाळवाणं काम आहे. तरी या कंटाळ्यातूनच माझ्या कागदावर पहिल्यांदा कुणाचे तरी पाय पूर्ण आले.

तुला हाकलायला सगळ्यात जास्त मदत कशाची झाली ते सांगते, म्हणजे पुढच्यांना उपयोग होईल. कागदाकडे न पाहता काढण्याची. नजर मॉडेलच्या कानापाशी ठेवायची, पेन्सिल कागदावर टेकवायची, आणि डोळा मुंगीच्या चालीनं कडेवरून खाली उतरेल तसतशी पेन्सिल चालवायची. मान, खांदा, दंड, कोपर. खाली पाहायचं नाही. अमेरिकेतले चित्रकला शिक्षक किमॉन निकोलाइडीज यांचं 'द नॅचरल वे टू ड्रॉ' हे पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर १९४१ साली निघालं. त्यात हा सराव अगदी सुरुवातीला आहे. चित्र वेडंवाकडं येतं, कोपर मांडीत घुसतं, रेषा रेषेला मिळत नाही. पण त्या वेड्यावाकड्या रेषेत तू नसतोस. तुला उभं राहायला कागद पाहणारा डोळा लागतो, आणि तो डोळा दुसरीकडे गुंतलेला असतो. माझ्या वहीतली पहिली खरी कोपरं त्या वेड्या पानांवर आहेत. हाडाचं टोक, त्याच्या बाजूची सैल कातडी, आतल्या बाजूची घडी.

दुसरा इलाज रिकाम्या जागेचा. मॉडेलनं कमरेवर हात ठेवला की दंड, हात आणि कंबर यांच्यामध्ये एक त्रिकोण तयार होतो. हात काढायचाच नाही, तो त्रिकोण काढायचा. त्रिकोणाचा साचा आपल्या डोक्यात नसतो, त्यामुळे नाइलाजानं पाहावं लागतं. तो बरोबर आला की हात आपोआप बरोबर येतो. हे पहिल्यांदा घडलं तेव्हा मला इतका आनंद झाला की सुट्टीतही मी जागेवरून उठले नाही.

तिसरी गोष्ट छोट्या पोझची. अर्धा मिनिट, एक मिनिट, दोन मिनिटं. एवढ्यात नाकडोळे, बटणं, चपलेचे पट्टे काही होत नाही. शरीर कुठून कुठे जातंय एवढंच पकडता येतं. मनगटातून ओढलेली रेषा इथे पुरत नाही, खांद्यातून हात फिरवावा लागतो. पेन्सिल लिहिताना धरतो तशी धरून चालत नाही, आडवी, बोटांखाली धरावी लागते. मोठ्या माणसाला हे लहान मुलासारखं पुन्हा शिकावं लागतं.

आणि हात. तू ज्यांना आयुष्यभर लपवलंस ते हात. मी त्यांच्याशी महिनोन्‌महिने झुंजते आहे आणि अजून संपलेलं नाही. बोटांपासून सुरुवात केली की हात हमखास बिघडतो. आधी तळव्याची पाटी, मग अंगठ्याखालचा मांसल उंचवटा, मग चार बोटांचा एकत्र गठ्ठा, आणि बोटं सुटी सगळ्यात शेवटी. बोटांची पेरं एका सरळ रेषेत नसतात, कमानीत असतात. सराव करायला मॉडेल शोधावं लागत नाही. उजव्या हातानं काढणाऱ्याचा डावा हात सदैव मोकळा असतो. बसमध्ये, बँकेच्या रांगेत, दवाखान्याच्या बाकड्यावर मी माझा डावा हात काढत असते. घोट्यांचंही तसंच: आतला घोटा वर असतो, बाहेरचा खाली. रोज पाय धुताना दिसणारी ही गोष्ट तुझ्यामुळे मला इतकी वर्षं दिसली नव्हती.

आता तुझ्या बायकोबद्दल. तुझा सगळ्यात मोठा अपराध तिच्या बाबतीत आहे, आणि त्याबद्दल मी तुला कधीही माफ करणार नाही.

विहिरीवर पाणी भरणाऱ्या बायका. या विषयावर महाराष्ट्रात किती कागद रंगले असतील! आणि त्या सगळ्या कागदांवर तुझी बायको ताठ उभी आहे. डोक्यावर हंडा ठेवलेला, कमरेला कळशी लावलेली, आणि अंगावर कशाचाच परिणाम नाही. दहा लिटर पाणी म्हणजे दहा किलो वजन, वर भांड्याचं वेगळं. ते डोक्यावर घेणारी बाई मान उभ्या रेषेत आणते, हनुवटी किंचित आत घेते. एक हात वर गेला की त्या बाजूचा खांदा उचलला जातो, खांद्याचं पातं पाठीवर सरकतं, बरगड्यांची बाजू ताणली जाते. चालताना कंबर हलते, डोकं हलत नाही. कळशी कमरेवर घेतली तर त्या बाजूची कंबर बाहेर काढावी लागते, म्हणजे तिथे कळशी बसायला कोनाडा होतो. वरचं सगळं शरीर विरुद्ध बाजूला झुकतं, आणि मोकळा हात तोल सावरायला शरीरापासून लांब जातो. पाय अनवाणी असतील तर बोटं जमिनीला पकडतात. नऊवारीचा कासोटा मागे खोचलेला असतो, त्यामुळे पोटऱ्या उघड्या असतात आणि त्यांचे स्नायू दिसतात. साडीच्या चुण्या कुठूनही कुठेही जात नाहीत. जिथे ताण आहे, कमरेशी, गुडघ्याशी, तिथून त्या निघतात.

उन्हाळ्यात टँकरच्या रांगेत, डोंगरातल्या झऱ्यावर हे रोज चाललेलं असतं. आपण तो विषय मुलांना देतो आणि उत्तरात तुझी बायको स्वीकारतो, जिच्या मानेला हंड्याचं वजन माहीत नाही. मूल जर एकदा त्या मानेकडे नीट पाहून ती काढू लागलं, तर त्याला पाण्याचं वजन कळेल. ते वजन रोज कोण उचलतं हेही कळेल. या समजेच्या आणि मुलांच्या मध्ये तू आडवा उभा आहेस. चित्राला गुण मिळतात, बाई अदृश्य राहते.

तुझी बाजू मी ऐकली आहे. तुझे वकील म्हणतात, ही एक शैली आहे, लहान मुलांसाठी सोपं रूप. या युक्तिवादाला माझ्याकडे उत्तर आहे, आणि ते डहाणू-तलासरीच्या भिंतींवर आहे. वारली चित्रातला माणूस तुझ्याहून सोपा: दोन त्रिकोण टोकाला टोक लावलेले, एक गोल, चार काड्या. पण भात लावणारी वारली बाई वाकलेली असते, तारप्याभोवती नाचणारी साखळी पुढे सरकत असते. ते दोन त्रिकोण जिथे भेटतात तिथे शरीर वळतं, आणि काढणाऱ्याला ते वळण ठाऊक असतं, कारण त्यानं ती लावणी पाहिलेली असते, केलेली असते. जिव्या सोमा मशे (१९३४–२०१८) यांनी तशा माणसांनी कागद आणि कापड भरून टाकलं, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. सोपेपणाशी माझं भांडण मुळीच नाही. पाहून सोपं केलेलं आणि पाहणं टाळून सोपं केलेलं, या दोहोंत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि तू कोणत्या बाजूचा ते तुला पक्कं माहीत आहे.

तुझं घराणंही मी शोधलं. मुंबईत १८५७ साली जे. जे. कलाशाळा सुरू झाली. त्या काळचं सरकारी चित्रशिक्षण लंडनच्या साउथ केन्सिंग्टन कलाशाळेच्या धर्तीवर होतं: आधी सपाट नमुन्यांची नक्कल, मग घन वस्तू, मग प्लास्टरचे ग्रीक पुतळे. जिवंत माणूस रांगेत फार मागे. १९१९ साली ग्लॅडस्टन सॉलोमन जे. जे.चे प्रमुख झाले आणि त्यांच्या काळात विवस्त्र मॉडेलवरून अभ्यासाचा वर्ग तिथे रुजला. नमुन्याची नक्कल आधी आणि माणूस मागाहून, ही जुनी खोड कलाशाळेनं सोडली, पण शाळांमधल्या चित्रकलेच्या तासात ती तुझ्या रूपानं टिकून राहिली.

त्याच कलाशाळेत कोल्हापूरहून १८९० साली आलेला एक विद्यार्थी पुढे तिथेच शिक्षक झाला: महादेव विश्वनाथ धुरंधर. 'कलामंदिरातील एकेचाळीस वर्षें' हे त्यांचं आत्मकथन. १९१२ सालच्या एस. एम. एडवर्ड्स यांच्या 'बाय-वेज ऑफ बॉम्बे' या पुस्तकात धुरंधरांची रेखाटनं आहेत, मुंबईच्या गल्लीबोळांतली माणसं. फेरीवाले, भिक्षेकरी, बायका, पागोट्यांचे नाना प्रकार. प्रत्येकाची उभं राहण्याची तऱ्हा वेगळी. गर्दीत त्यांचीही काही माणसं पाठमोरी आहेत, पण त्या पाठीवरून धंदा ओळखू येतो. तुझ्या पाठीवरून काय ओळखू येतं? तू हमाल आहेस की हेडमास्तर, थकलेला आहेस की घाईत, तरुण आहेस की म्हातारा, काहीही कळत नाही.

चित्रकलेच्या शिक्षकांवर माझा राग नाही, हे इथे स्पष्ट लिहिते. वर्गात पन्नास-साठ मुलं, आठवड्याला एखादा तास, तोही दुसऱ्या विषयाचा अभ्यासक्रम अपुरा राहिला की काढून घेतलेला. वर परीक्षेच्या श्रेणीवर दहावीला जादा गुण, आणि त्या गुणांवर डोळा ठेवून बसलेले पालक. या अडचणीत तू सोयीचा पडतोस. पण सोय झाली म्हणून तू निर्दोष ठरत नाहीस. अडलेल्या माणसाच्या अडचणीवरच तुझं पोट चालतं.

तुझ्यापायी आणखी एका माणसाचा अपमान होतो. चौथऱ्यावर बसणाऱ्या मॉडेलचा. वीस मिनिटं न हलता बसणं हे श्रमाचं काम आहे. पाच मिनिटांनी पायाला मुंग्या येतात, दहा मिनिटांनी पाठ भरून येते, नाक खाजलं तरी हात उचलता येत नाही. सुट्टीआधी सर पावलांभोवती खडूनं खुणा करतात, म्हणजे परत त्याच जागी उभं राहता यावं. रवी जाधव यांच्या 'न्यूड' या २०१८ सालच्या चित्रपटात कलाशाळेत मॉडेल म्हणून बसणारी आई मुलापासून आपलं काम लपवते. इतकं सोसून एक माणूस आपलं शरीर पाहायला देतो, आणि आपण कागदावर तुला काढतो? आमच्या काकांनी एकदा सुट्टीत माझा बोर्ड पाहिला आणि विचारलं, "ताई, हा मी आहे का?" प्रश्न सरळ होता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. त्या दिवसापासून मी प्रत्येक रेखाटनाच्या शेवटी हाच प्रश्न विचारते.

आता मी सुधारते आहे. सुधारणा चढत्या जिन्यानं येत नाही. एखाद्या रविवारी सगळं जुळून येतं, पुढचे कित्येक कागद फाडावेसे वाटतात. जुनी वही उघडली की त्यातली चित्रं वाईट दिसतात; चित्रं तीच आहेत, माझा डोळा पुढे गेला आहे. हात डोळ्याच्या मागे राहतो, त्यामुळे शिकणाऱ्याला आपण खालीच चाललो आहोत असं वाटतं, आणि नेमक्या याच टप्प्यावर बहुतेक लोक सोडून देतात. त्यांना मला कळवळून सांगावंसं वाटतं, थांबा, आत्ता सोडू नका, तुमचं पाहणं वाढतं आहे.

रस्त्यावर काढायलाही मी शिकले. चालत्या माणसाच्या मागे लागायचं नाही. ज्याच्या हालचाली पुन्हा पुन्हा त्याच होतात तो शोधायचा: चहा गाळणारा, इस्त्री फिरवणारा, तराजू उचलणारी भाजीवाली. तो परत त्याच जागी येतो, तेव्हा सुटलेली रेषा पुरी करता येते. मंडईत मी एका भाजीवालीला तशी काढली, समोरून. डाव्या गुडघ्यावर कोपर, उजव्या हातात तराजू, ओठ मुडपलेले, नजर काट्यावर. चेहरा मला पूर्ण जमला नाही. पण गिऱ्हाइकाशी घासाघीस करताना तिचा खांदा कसा चढतो, ते मला मिळालं. तिला वही दाखवली. ती म्हणाली, "नाक मोठं झालंय, पण बसलीये मीच." एवढी मोठी पावती मला आजवर कुठल्या परीक्षेत मिळाली नव्हती.

म्हणून माझी मागणी नीट ऐक. तुझ्याकडून काही नको, तू फक्त जागा सोडायची आहेस. मागणी तुला पोसणाऱ्यांकडे आहे. स्मरणचित्राच्या पेपरात निदान एक आकृती समोरून किंवा बाजूनं काढायला सांगा. तपासणाऱ्यांना सांगा की धाडसानं काढलेल्या वाकड्या हाताला गुण द्या, लपवलेल्या हाताला देऊ नका. चित्रकलेच्या तासाची पहिली दहा मिनिटं वर्गातल्याच एका मुलाला बाकावर उभं करा, दप्तर खांद्याला लावून, दोन मिनिटं, मग दुसऱ्याला. खर्च काही नाही. मुलं हसतील, हसू द्या. ज्याला काढलं जातं तोही त्या दोन मिनिटांत काहीतरी शिकतो. आणि मार्गदर्शक पुस्तकं छापणाऱ्यांनो, पाठमोऱ्या माणसाच्या पानाऐवजी वजन उचलणाऱ्या, वाकणाऱ्या, बसणाऱ्या माणसांचे फोटो छापा.

माझी भाची यंदा इंटरमिजिएटला बसते आहे. तिच्या क्लासमधून तू तिच्या वहीत आला होतास, टोपीसकट. मी तिला काही बोलले नाही. फक्त संध्याकाळी तिची आजी मेथी निवडायला बसली तेव्हा आम्ही दोघींनी वह्या काढल्या. आजी खुशीत होती, पण हलायची काही थांबत नव्हती. भाचीनं तीनदा हात काढले आणि तीनदा वैतागली. चौथ्यांदा तिनं विचारलं, "मावशी, आजीची बोटं सांध्यापाशी जाड का आहेत?" मग आजीनंच उत्तर दिलं, संधिवाताचं, विहिरीवरच्या दोराचं, कपडे बडवण्याचं. ते बराच वेळ चाललं. पानावर आजीची सगळी बोटं आली नाहीत, पण जी आली ती जाड सांध्यांसकट आली.

परीक्षेत भाजीबाजार आला तर ती मध्यभागी भाजीवाली काढणार आहे, समोर तोंड करून, तराजू धरलेल्या हातासकट. गुण कमी पडले तर पडू देत, असं तिच्या आईनंही मान्य केलं आहे. गर्दी दाखवायला मागे माणसं लागतीलच. त्यांच्यासाठी ती सध्या शाळेच्या बसथांब्यावर मुलांच्या पाठी काढते आहे, दप्तराच्या ओझ्यानं एकेक खांदा उतरलेल्या. त्या खऱ्या पाठी आहेत. तुझी तिथे गरज उरलेली नाही. टोपी उचल आणि नीघ.

माणूस काढायला शिकणारी,
एक विद्यार्थिनी